थोरलीचा झिजलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुना पितळी मुखवटा आहे, म्हणजे नुसता चेहरा. मागे डोके नाही आणि खाली धड नाही. वर्षातले तीन दिवस मला उंच कोठीवर बसवतात, साडी नेसवतात, नथ घालतात आणि महालक्ष्मी म्हणून हात जोडतात. उरलेले दिवस मी एका लाकडी पेटीत लाल कापडात गुंडाळलेली पडून असते. मुखवटा असले तरी घरात सगळे मला 'धाकटी' म्हणतात, म्हणून मीही स्वतःला बाईच समजते. माझ्या शेजारी त्याच पेटीत माझी थोरली बहीण असते.

आम्ही दोघी इंदूरच्या कसेरा बाजारात जन्मलो. या घरातले एक पूर्वज होळकरांच्या दरबारात कामाला होते. त्यांनी एकच पत्रा निवडला आणि कसेऱ्याकडून, म्हणजे कासाराकडून, त्याचे दोन चेहरे ठोकून घेतले. आमचे नाक, डोळे, ओठ इतके सारखे झाले की खुद्द कसेऱ्यालाच ओळखू येईना. मग त्याने थोरलीच्या हनुवटीखाली एक बारीक ठिपका ठोकला. आज तिला ओळखायची ती एकच खूण उरली आहे.

कारण थोरलीला आता चेहरा नाही. डोळ्यांच्या जागी डोळे नाहीत, नाकाचा उंचवटा नाही, ओठांची नुसती एक पुसट रेघ आहे. पळीची पाठ असते तशी ती गुळगुळीत झाली आहे. दर वर्षी आवाहनाच्या आदल्या दिवशी इंदिराबाई काडीला काजळ लावून तिचे डोळे काढतात आणि विसर्जनानंतर ओल्या फडक्याने पुसून टाकतात. म्हणजे माझी बहीण वर्षातून तीन दिवसच बघते. घरात सगळ्यांना सांगितले गेले होते की कसेऱ्याने थोरलीला हलके पितळ वापरले. एकाच पत्र्यातले अर्धे हलके कसे असेल, हे कुणी विचारले नाही. मला खरे काय ते माहीत होते, पण मुखवट्याचे तोंड फक्त दिसायला असते.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. दर शुक्रवारी दुपारी, घर जेवून शांत झाले की पेटीत घासल्याचा आवाज यायचा. पितळेवर अंगठा दाबून फिरवला की येतो तसा, हळू आणि एका लयीत. पेटीला कडी असायची आणि आत आम्ही दोघीच. हात आमच्यापैकी कुणालाच नाहीत. पहिल्या काही वर्षांत मला फार भीती वाटायची, नंतर मी सरावले. शनिवारी थोरलीच्या कापडावर पिवळी बारीक भुकटी पडलेली असायची.

आता घराबद्दल सांगते. जुनी इंदूर नावाच्या भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहते. श्रेया एकवीस वर्षांची, कॉलेजात शिकते. तिची आई रुपाली बँकेत आहे. श्रेयाच्या वडिलांच्या आत्या, म्हणजे आमच्या इंदिराबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी लग्न केले नाही आणि त्या याच घरात राहिल्या. श्रेया त्यांना आत्याआजी म्हणते.

या घराची महालक्ष्म्या आणायची एक रीत आहे. दाराबाहेरून दोघी जणी आम्हाला घेऊन कुंकवाच्या पावलांवरून आत येतात. आणणारीने मुखवटा स्वतःच्या हनुवटीखाली धरायचा. म्हणजे वर तिचा चेहरा आणि खाली आमचा. तोंडावर पदर, ओढणी, काहीही घ्यायचे नाही. उंबऱ्याच्या आत उभ्या असलेल्या बाईने विचारायचे, कोण आली, आणि आणणारीने उत्तर द्यायचे. बघणारे दोन्ही चेहरे एकदम बघतात. ज्याने ही रीत घातली त्याला तोंडावर पुटकुळ्या आलेल्या मुली ठाऊक नसाव्यात.

गेल्या वर्षी मला श्रेयाने आणले. उंबऱ्याच्या आत तिच्या चुलत काकू, रुचीकाकू, उभ्या होत्या. त्यांनी कोण आली म्हणून विचारले, उत्तर ऐकले, आणि मग भाऊला भिया म्हणायच्या इंदुरी लकबीत हसत म्हणाल्या, "खालचा चेहरा तर एकदम चमकतोय. वरच्याचं पण काही करा भिया." सगळ्या हसल्या. मी श्रेयाच्या हनुवटीला टेकलेली होते, म्हणून तिने हनुवटी आत ओढून घेतली ते मला कळले. पुढचे तीन दिवस ती पाहुण्यांसमोर फारशी आलीच नाही.

यंदा श्रावणात माळ्यावर पाणी झिरपले आणि आमची पेटी भिजली. रुपालीने आम्हाला बाहेर काढून कोरडे केले आणि श्रेयाच्या खोलीतल्या फळीवर, आरशासमोर ठेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी सणाशिवाय उजेडात राहिले. पहिल्याच दिवशी श्रेयाने थोरलीचे तोंड भिंतीकडे फिरवले, कारण डोळे नसलेले तोंड आपल्याकडेच बघते आहे असे तिला वाटले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आरशाकडे होते. श्रेयाला वाटले मम्मीने फिरवले असेल. रुपालीने मात्र फळीला हातही लावला नव्हता. असे तीनदा झाले, मग श्रेयाने नाद सोडला.

आरशाखाली एक टोपली होती. महिना उरला होता आणि श्रेयाने ठरवले होते की यंदा उंबऱ्यात उभी राहीन तेव्हा कुणाला हसायला जागा ठेवायची नाही. टोपलीत मुलतानी मातीचा पुडा होता, ओढून काढायच्या काळ्या मास्कची ट्यूब होती, औषधी पाण्यात भिजवलेल्या पातळ कापडी मास्कची पाकिटे होती, आणि त्वचेचा वरचा थर सोलणाऱ्या अ‍ॅसिडच्या मास्कची एक छोटी बाटली. बहुतेकांवर लिहिले होते, आठवड्यातून दोनदा. मुलगी मोठी आज्ञाधारक. तिने प्रत्येक पाकिटाचे म्हणणे वेगवेगळे पाळले. पाकिटे चार, चेहरा एकच, आणि आठवड्यात त्या चेहऱ्याला एकही सुटीचा दिवस राहिला नाही, हे तिच्या लक्षात आले नाही.

मित्रांनो, त्या महिन्यात मी जे चेहरे पाहिले ते मला आवडले नाहीत. सोमवारी आरशात एक पांढरा चेहरा बसायचा. माती वाळत जायची, तोंडाभोवती तडे पडायचे, आणि श्रेया मोबाइलमध्ये बघत तशीच बसून राहायची, कारण जितकी ताणेल तितकी चांगली असे तिला वाटायचे. मंगळवारी काळा चेहरा. तो ती कपाळापासून ओढून काढायची आणि सोललेले कातडे आरशाच्या कडेला लटकत राहायचे, त्यावर तिच्या गालांवरची बारीक लव चिकटलेली. बुधवारी ओले कापड. ते पंधरा-वीस मिनिटांत काढायचे असते, पण ती ते लावून झोपून जायची आणि सुकलेले कापड उठल्यावर सोलायची. मग ते टॉवेलच्या दांडीवर पडायचे. डोळ्यांची दोन भोके, तोंडाचे एक. पंख्याने हलायचे आणि तोंड उघडल्यासारखे दिसायचे. दांडीवरचा तो चेहरा आणि फळीवरची थोरली एकमेकींसमोर येत. दोघींनाही डोळे नव्हते. अशा वेळी मला त्या खोलीत राहू नये असे वाटे.

शुक्रवारी अ‍ॅसिडचा दिवस असे. त्या दुपारी आरशासमोर श्रेया गालावर बोटे फिरवी आणि माझ्या शेजारी तोच जुना आवाज सुरू होई. दोन्हींची लय एकच. श्रेया कधी कधी थांबून कान देई. ती थांबली की आवाजही थांबे.

तिसऱ्या आठवड्यात तिचे गाल लाल झाले. साबण लागला की चुरचुरे, नाकाच्या कडेला पापुद्रे निघत. रुपालीने हटकले, तेव्हा श्रेया म्हणाली, "मम्मी, अंदरची घाण बाहेर येते आहे. पहले खराब होतं, मग एकदम क्लिअर." कुठल्याशा व्हिडिओत तिने तसे ऐकले होते. रुपालीला बँकेची घाई होती. तिने काळजीने लेकीकडे पाहिले आणि डबा घेऊन निघून गेली. त्वचा ओरडते तेव्हा आवाज येत नाही, ती फक्त लाल होते. आम्ही पितळेचे लोक तेवढेही करू शकत नाही.

मग आवाहनाचा आदला दिवस आला, आणि तो शुक्रवार होता.

सकाळी इंदिराबाईंनी चिंचेचा कोळ आणि मीठ घेतले आणि आम्हाला घासले. अगदी हलक्या हाताने, एकदाच. आमच्या घरात मुखवटे वर्षातून एकदाच घासायचे असा त्यांचा कडक नियम होता आणि रुपालीला त्यांनी कधी घासू दिले नव्हते. चिंच लागली की आमच्यावरचा काळपटपणा उतरतो आणि आम्ही नव्या नवरीसारख्या दिसतो. श्रेया दारात उभी राहून बघत होती. माझा काळा गाल बघता बघता पिवळाधमक झाला, तेव्हा तिने नकळत स्वतःच्या गालाला हात लावला. ते मी पाहिले आणि मला बरे वाटले नाही. इंदिराबाईंनी थोरलीचे डोळे काढले, काजळ सुकू दिले, आम्हाला फळीवर ठेवले आणि पडायला गेल्या. कोळाची वाटी त्या मोरीत विसरल्या.

दुपारी श्रेयाने आधी अ‍ॅसिडचा मास्क लावला. तो धुतला, आरशात पाहिले. मनासारखे झाले नव्हते. मग ती मोरीतून ती वाटी घेऊन आली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुझं तोंड याच्यानं निघतं ना? मग माझं पण निघेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला आवाज फुटावा म्हणून मी किती तळमळले ते कसे सांगू? मी पितळ आहे, बाळा, तू नाहीस, एवढेच मला म्हणायचे होते. तिने मीठ-चिंचेचा तो कोळ नुकत्याच सोललेल्या गालांवर थापला आणि अंगठ्याने चोळू लागली. माझ्या शेजारी घासल्याचा आवाज सुरू झाला. या वेळी तो श्रेयाने स्पष्ट ऐकला. तिने मान वर केली. थोरली आज बघत होती, तिला आज डोळे होते. आणि त्या डोळ्यांतले सुकलेले काजळ दोन्ही गालांवरून खाली ओघळत होते.

श्रेयाच्या हातून वाटी पडली. तोवर तिचे तोंड पेटले होते.

संध्याकाळी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेले. जाताना ती थोरलीला ओढणीत गुंडाळून आपल्याबरोबर घेऊन गेली. का, ते तिलाच माहीत. ती थोरलीला सोडायला तयार नव्हती, म्हणून इंदिराबाईही मुकाट्याने रिक्षात बसल्या. तिथे काय झाले ते नंतर रुपालीने घरात सांगितले. डॉक्टर संहिता रागावल्या नाहीत. त्यांनी रुपालीने बरोबर आणलेली टोपली टेबलावर उपडी केली आणि विचारले की यातले एका आठवड्यात काय काय लावले. श्रेयाने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "पाकीट आपल्यापुरतं बोलतं, बेटा. शेजारच्या पाकिटाचं त्याला माहीत नसतं. हिशेब चेहऱ्याचा ठेवायचा."

मग त्यांनी समजावले. मातीचा लेप तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि कोरड्या त्वचेला त्याहून कमी; तडे पडायच्या आत, थोडा ओला असतानाच धुवायचा. ओले कापड दोन-तीनदा चालते, पण ते सुकायच्या आधी काढायचे. अ‍ॅसिडवाला आठवड्यातून एकदा पुरे, त्याच्या आगेमागे दुसरे काही नाही, आणि उन्हात जाताना सनस्क्रीन हवेच. ओढून काढायचा काळा मास्क पंधरा दिवसांतून एकदाच, आणि पुटकुळ्या असताना तर नाहीच. एका दिवशी दोन प्रकार लावायचे नाहीत. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. आग झाली की तिथेच थांबायचे. आणि चिंच, लिंबू, मीठ हे भांड्यांसाठी. आता त्वचा भरून येईपर्यंत दिलेले मलम सोडून काही नाही. चट्टे राहतील का, असे श्रेयाने विचारले. डॉक्टर म्हणाल्या की एखादा राहू शकतो, आत्ताच सांगता येणार नाही.

घरी आल्यावर श्रेया पलंगावर बसली आणि म्हणाली की उद्या ती उंबऱ्यात येणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. रुपालीच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा इंदिराबाई खोलीत आल्या. त्यांनी थोरलीला मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ तिच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवत राहिल्या.

"हिचा चेहरा मी घासला," त्या म्हणाल्या. "कसेऱ्यानं नाही. मी."

मग त्यांनी अठ्ठावन्न वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. रंगाने सावळ्या, आणि घरात त्यांच्या चेहऱ्याला कुणी कधी चांगले म्हटले नव्हते. एका वर्षी त्यांनी मुखवटे घासले आणि पाहुण्या बायका म्हणाल्या, इंदूच्या हाताला मुखवटे सोन्यासारखे निघतात. तेवढे एक कौतुक त्यांच्या वाट्याला आले. मग त्या दर शुक्रवारी दुपारी, घर झोपले की पेटी उघडून आम्हाला घासू लागल्या. चिंच, मीठ, वर विटकरीची भुकटी. मान थोरलीचा, म्हणून सुरुवात नेहमी तिच्यापासून. हातात जोर असायचा तो सगळा तिच्यावर. माझ्यापर्यंत येईतो हात दमायचा, म्हणून मी वाचले. असे दीड वर्ष चालले. एका शुक्रवारी त्यांचा अंगठा कपाळावरून निघाला तो कुठेही न अडखळता हनुवटीपर्यंत आला. मध्ये नाक लागलेच नाही.

"मी तिला चांगली करत होते, श्रेया," त्या म्हणाल्या. "दर वेळी वाटायचं, अजून थोडी निघेल. ती जातेय हे कळलंच नाही."

श्रेया रडली. आत्याआजीही रडल्या. मी या घरात आल्यापासून कितीतरी रडणी ऐकली आहेत, पण त्या दिवशी थोरलीच्या अंगातून एक बारीक झंकार उठून विरला, तसा मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इंदिराबाई काडी आणि काजळ घेऊन बसल्या. ओघळलेले काजळ त्यांनी पुसले, आता नवे डोळे काढायचे होते. श्रेयाने त्यांचा हात धरला.

"आत्याआजी, राहू दे ना. ही अशीच चलेगी. मी पण अशीच येते."

मुहूर्तावर मला रुपालीने घेतले आणि थोरलीला श्रेयाने. कुंकवाच्या पावलांवरून आम्ही उंबऱ्याशी आलो. आत रुचीकाकू उभ्या होत्या, मागे सगळ्या पाहुण्या. त्यांनी वर पाहिले, तर लाल, सुजलेला, मलमाने चकाकणारा उघडा चेहरा. खाली पाहिले, तर चेहराच नाही. घासून आरशासारखे झालेले कोरे पितळ, आणि त्यात स्वतः रुचीकाकू. त्यांनी एकदम आपल्या गालाला हात लावला. विचारायचा प्रश्न त्या विसरल्या. थोरलीच्या पितळात आता एकामागून एक सगळ्यांचे चेहरे दिसत होते आणि प्रत्येकीचे डोळे खाली जात होते.

शेवटी इंदिराबाईंनीच मागून विचारले, कोण आली.

"थोरली आली," श्रेया म्हणाली आणि आत आली.

हळदीकुंकवाच्या वेळी रुचीकाकूंचे बोट श्रेयाच्या कपाळाशी जाऊन थांबले. मग त्यांनी ते कुंकू तिच्या मनगटावर लावले आणि हळूच विचारले, दुखते का. श्रेया म्हणाली, हो. एवढेच बोलणे झाले, पण मला ते पुष्कळ वाटले.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पेटीत गेलो. श्रेयाचा चेहरा भरून आला. उजव्या गालावर एक फिकट डाग राहिला आहे. टोपलीत आता मातीचा पुडा आणि दोन-चार कापडी मास्क आहेत, आणि आरशावर एक कागद चिकटवला आहे, त्यात आठवड्याचे बरेच दिवस कोरे आहेत. आमच्या पेटीतला शुक्रवारचा आवाज बंद झाला. कापडावर भुकटी पडत नाही. फक्त घरात कुठे वाटीत लेप कालवणारा ब्रश फिरल्याचा आवाज आला, की थोरली अंधारात सरकून माझ्या कडेला येऊन चिकटते. कशी सरकते, ते मला विचारू नका.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, आरशासमोर बसाल, पाकिटे फोडाल. जरूर फोडा. पण आठवड्यातले काही दिवस तुमच्या चेहऱ्याला नुसते पाणी आणि वारा मिळू द्या. आणि कधी हात थांबेनासा झाला, तर आमची आठवण काढा. आम्ही दोघी एकाच पत्र्याच्या. मला कुणी फारसे विचारले नाही, म्हणून मला नाक-डोळे आहेत. जिच्यावर इंदूने जीव ओतला, ती माझ्या शेजारी पडून आहे, आणि तिची पाठ कोणती आणि तोंड कुठले, हे मला अंधारात हनुवटीचा ठिपका शोधून ओळखावे लागते.